ओतून घेतलेलं पाणी

वैशाख अर्ध्यावर आला की मी घरातल्या हंड्यांकडे फार वेळा बघते. हंडे भरलेलेच असतात. ठाण्यात तळी पुष्कळ, आमच्या परसात आड आहे, आणि इथे राहायला आल्यापासून पाण्यावाचून आमचं कधी अडलेलं नाही. तरीही ऊन तापलं, तळ्याचं पाणी काठापासून मागे सरलं, उघड्या पडलेल्या काळ्या चिखलाला भेगा पडून त्यातून तो कुजकट, गोडसर वास येऊ लागला, की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. हातातली सुई तशीच राहते. दाराशी कुणी आलं आहे का, म्हणून मी उगाच उठून बघून येते. "वय झालं तुझं," हे म्हणतात. "ऊन सोसत नाही." मी हो म्हणते. ते ऊन नाही हे आमच्या मास्तरांनाही ठाऊक आहे. माझ्या जोडीने त्यांनीही तो उन्हाळा काढलेला आहे.

त्या वर्षी आम्ही कल्याणला होतो. हे तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होते. शाळा म्हणजे एक लांबट ओटी आणि मागे एक खोली. इंग्रजी शिकायला मिळतं म्हणून गावातल्या चांगल्या घरची मुलंही येत, आणि घरी परतल्यावर आया त्यांना दारातच कपडे उतरवायला लावून अंघोळ घालत. आम्ही ख्रिस्ती. हे मूळचे कोकणातल्या एका सोनाराघरचे. विशीत प्रभूच्या मागे गेले आणि घराला मुकले. माझं तसं नाही. मी कुठली, कुणाची, हे मलाच माहीत नाही. नगरकडच्या एका दुष्काळात रस्त्याच्या कडेला सापडलेली पोर म्हणून मला अनाथाश्रमात आणलं. तिथल्या मडमबाईंनी रूथ हे नाव ठेवलं. तिथेच मी लिहायला, शिवायला आणि प्रार्थना करायला शिकले. "मूळच्या तुम्ही कोण?" असं कुणी विचारलं की इतर ख्रिस्ती बायका काही ना काही सांगत. मला सांगण्यासारखं काही नसे, आणि लोकांना वाटे, ही लपवते आहे.

कल्याणात सुरुवातीला आम्ही गावात एका अडचणीच्या खोलीत राहत होतो. तिथे विहीर नव्हती. मी कळशी घेऊन सार्वजनिक विहिरीवर जायची आणि कठड्यापासून लांब उभी राहायची. कुणा बाईच्या मनात आलं तर ती आपल्या घागरीतलं पाणी माझ्या कळशीत ओतायची. आपल्या घागरीला माझी कळशी लागू नये म्हणून उंचावरून ओतायची. अर्धं पाणी कळशीत पडे, अर्धं माझ्या पायांवर. "उपकार झाले, बाई," असं मी मान खाली घालून म्हणायची. कधी कधी कुणाच्याच मनात येत नसे, आणि मी तिथेच उभी राहायची. बायका माझ्याकडे न बघता माझ्या बाजूने जायच्या. उभी राहून मी मनात प्रार्थना करायची, आणि त्या प्रार्थनेत मागायची काय, तर एखादी दयाळू बाई लवकर येऊ दे. याहून मोठं काही मागता येतं हे मला सुचतच नसे.

मग बाळशेटांचं घर मिळालं. बाळशेट भाताचे व्यापारी. गावाबाहेर, ठाकुर्लीच्या वाटेवर त्यांचं एक घर रिकामं पडलं होतं. दोन खोल्या, पुढे पडवी, भोवती निवडुंगाचं कुंपण, आणि अंगणात विहीर. एवढ्या लांब, शेजाराला जेमतेम एक घर असलेल्या जागी राहायला कुणी तयार नव्हतं, म्हणून ते आमच्या वाट्याला आलं. पहिल्या दिवशी मी विहिरीत पोहरा सोडला. दोर हातातून सरसर खाली गेला, खाली पाण्याचा 'डुबुक' असा आवाज झाला, आणि मी तो भरलेला पोहरा वर न ओढता तशीच दोर धरून उभी राहिले. ह्यांनी पडवीतून विचारलं, "जड आहे का? मी ओढू?" मी म्हटलं, "नको. मीच ओढते."

आदल्या साली पाऊस लवकर आटोपला होता. चैत्र संपता संपता गावातल्या विहिरी खोल गेल्या, आणि खाडीच्या बाजूच्या विहिरींना खारट पाणी येऊ लागलं. त्या पाण्यात डाळ शिजेना. लहान मुलांची पोटं बिघडली. कातडी पखालीचं पाणी गावातल्या बऱ्याच घरांना चालत नव्हतं. गावच्या शेणाळ्याच्या तळ्यात म्हशी बसत तेवढंच पाणी उरलं. आणि ठाकुर्लीच्या वाटेवरच्या आमच्या विहिरीचं पाणी मात्र पहिल्यासारखं गोड होतं. का, ते मला माहीत नाही. मी रोज सकाळी आत वाकून बघायची आणि पाणी कालच्यापेक्षा खाली गेलं आहे का, याचा अंदाज घ्यायची. गेलेलं असायचंच. थोडं.

सगळ्यांत आधी राधाबाई आल्या. आमच्या कुंपणापलीकडे त्यांचं घर; जुनं, खातंपितं कायस्थ कुटुंब. नवरा गेलेला, मुलगा कचेरीत, सून नुकतीच बाळंत झालेली. शेजारी राहूनही त्या माझ्याशी तोवर चार शब्द बोलल्या नव्हत्या. कुंपणाशी येऊन त्या म्हणाल्या,

"मास्तरीणबाई, तुमच्या विहिरीचं पाणी गोड आहे म्हणतात."

"आहे."

"विहीर बाळशेटची."

"हो. घरच त्यांचं आहे."

"म्हणजे विहिरीला विटाळ नाही," त्यांनी स्वतःशीच निकाल दिला. मग मला म्हणाल्या, "आम्ही सकाळी येऊ. दोर आमचा, पोहरा आमचा. आमचं भरून झालं की तुम्ही भरा. चालेल?"

मला इतका आनंद झाला की ती अट मला अट वाटलीच नाही. दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बायका आमच्या अंगणात येऊ लागल्या. आधी पाचसात, मग पुष्कळ. मी पडवीच्या पायरीवर शिवण घेऊन बसायची. त्या विहिरीवर बोलत, हसत, एकमेकींच्या सासवांच्या नकला करत, आणि हळूहळू अधूनमधून एखादं वाक्य माझ्याकडेही येऊ लागलं. काय शिवता, टाका कुठला, पोट खाली आलं आहे हो तुमचं. मला तेव्हा दिवस भरत आले होते. याआधीची माझी दोन लेकरं मातीआड गेलेली, म्हणून मी कुणाशी त्याबद्दल बोलत नसे. पण राधाबाईंनी एकदा नजरेनेच सगळं ओळखलं आणि जाता जाता म्हणाल्या, "वेळ आली की हाक मारा. आत यायची नाही मी. पण दारातून सगळं सांगेन." त्या दिवशी मी खोलीत जाऊन गुडघे टेकले आणि प्रभूचे आभार मानले. मला वाटलं, इतकी वर्षं मागत होते ते हेच. माझ्या अंगणात माणसं आली.

सगुणा आली ती दुपारी. महारवाडा आमच्या घराच्या पलीकडे, उताराला होता. सगुणा गवताचे भारे डोक्यावर घेऊन बाजारात जायची. वयाने माझ्याएवढीच असेल, पण उन्हाने काळवंडलेली, तुटक बोलणारी. ती ख्रिस्ती नव्हती, व्हायची तिला इच्छाही नव्हती. भारा कुंपणाला टेकवून ती दाराबाहेर बसली आणि म्हणाली, "बाई, वाईच पानी वता."

त्या दिवशी माझी पाठ भरून आली होती. ऊन असं होतं की अंगणात पाय टाकवत नव्हता. मी तिला पडवीतूनच म्हटलं, "दोर तिथेच आहे. काढून घे की."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी?"

"मला ओढवत नाही गं."

लोकांनी पुढे या गोष्टीला मोठं रूप दिलं. कुणी म्हणालं ख्रिस्ती बाईने मुद्दाम बाटवाबाटवी केली, आमच्या ख्रिस्ती मंडळींनी मोठं कौतुक केलं. खरं एवढंच की पहिल्या दिवशी त्यात धर्म नव्हता, पाठदुखी होती. सगुणा उठली. उताराखालच्या झऱ्यावर वाटीने पाणी भरणारी ती, बांधलेल्या विहिरीत तिने कधी दोर सोडलेला नव्हता. पोहरा कडेला आपटत खाली गेला, वर आला तो अर्धाच. ती स्वतःशीच हसली. पुन्हा सोडला. या वेळी भरून आला. तिने तो कठड्यावर टेकवला, ओंजळ भरून प्यायली, तोंडावर पाणी मारलं, आणि उरलेलं माझ्या रिकाम्या हंड्यात ओतून निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आपली मडकी घेऊन आली. "झरा आटला आमचा," म्हणाली. मग तिच्या मागून आणखी दोघीचौघी.

सकाळी गावातल्या बायका, दुपारी महारवाड्यातल्या. काही दिवस हे असं चाललं आणि मी मनात धास्तावून गेले. सकाळी बायका हसत असल्या की मला वाटे, यांना कळलं तर. दुपारी सगुणा पोहरा ओढत असली की माझे कान रस्त्याकडे. कुणाच्या वहाणा वाजल्या की मी उठून कुंपणापलीकडे बघून यायची. मी तिला "ये" म्हणत होते आणि मनातून, लवकर भर आणि जा, असंही म्हणत होते. परवा इथे ठाण्यात उपासनेला एक तरुण उपदेशक आले होते. विश्वास असेल तिथे भीती राहत नाही, असं ते फार छान बोलले. मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते आणि मला माझे त्या दिवसांतले हात आठवत होते. सुईत दोरा ओवताना ते इतके थरथरायचे की मी शेवटी शिवण बाजूला ठेवून द्यायची. विश्वास तेव्हाही होता. दोन्ही एकाच घरात राहत होती.

व्हायचं ते झालंच. एका दुपारी गावातल्या कुणीतरी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पायरीवर येऊन बसले आणि अंगण रिकामं होतं. ऊन चढलं तरी कुणी आलं नाही. राधाबाईंच्या घरातून त्यांच्या नातवाचं रडणं ऐकू येत होतं, कुंपणाशी मात्र कुणी येत नव्हतं.

संध्याकाळच्या सुमाराला बाळशेट आले. छत्री मिटून कुंपणाबाहेरच उभे राहिले. वाईट माणूस नव्हता तो. कपाळावरचा घाम पुसत, आमच्या नजरेला नजर न देता बोलत होते.

"मास्तर, तुम्हाला घर दिलं तेव्हा मला चार लोक बोलले. मी ऐकून घेतलं. पण आता विहीर बाटली म्हणतात. गाव तहानलेलं आहे. मी लोकांना काय सांगू?"

"आमच्याकडून काय हवं, शेट?" ह्यांनी विचारलं.

"ती माणसं विहिरीवर चढता कामा नयेत. एवढंच. मग मी विहीर शुद्ध करून घेतो आणि बायका पुन्हा येतील. नाहीतर..." ते थांबले. "मलाही याच गावात राहायचं आहे."

ते गेल्यावर हे बराच वेळ पडवीत येरझारा घालत राहिले. ह्यांचा स्वभाव भांडणाचा नाही. एकदा घर गेलेल्या माणसाला दुसऱ्यांदा घर जायची भीती काय असते, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर पाहत होते. मग त्यांना मार्ग सुचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"सगुणाला पाणी बंद करायचं नाहीच," ते म्हणाले. "ती कुंपणाबाहेर मडकी ठेवेल. मी शाळेतून आलो की स्वतः काढीन आणि तिच्या मडक्यांत ओतीन. तिला पाणी मिळालं, गावाला मिळालं, आपलं छप्पर राहिलं. तुझे दिवस भरलेत. या उन्हात तुला घेऊन मी कुठे जाऊ?"

त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दुपारी त्यांनीच ते सगुणाला सांगितलं. तीही लगेच म्हणाली, "चालंल की. तुमी वता, मास्तर. आमाला सवय हाय." आणि ती कुंपणाबाहेर मडकं पुढे करून, दोन्ही हातांनी ते धरून, मान वर करून बसली.

तिला तशी बसलेली पाहिलं आणि माझ्या पायांवर पाणी पडल्यासारखं वाटलं. गावातल्या त्या विहिरीजवळ मी कशी दिसत असेन हे मला कधी दिसलं नव्हतं. ते त्या दुपारी दिसलं. ह्यांनी पोहरा वर काढला होता. माझ्या तोंडून शब्द निघाले ते मी आधी ठरवलेले नव्हते.

"ओतू नका."

हे थांबले.

"या विहिरीवर कुणी कुणाला ओतायचं नाही," मी म्हटलं. "ज्याने त्याने काढायचं. गावातल्या बायका आल्या तर त्यांनी काढावं, हिने काढावं, मी काढीन. मला जात विचारली तर सांगता येत नाही. मी हिच्याच घरची असेन. राधाबाईंच्या घरची असेन. कुणी ओतायचं आणि कुणी धरायचं, हे मी कशावरून ठरवू?"

"रूथ," ते हळू आवाजात म्हणाले, "घर जाईल."

"जाईल."

हे मी ठामपणे म्हटलं असं कुणाला वाटेल. माझा आवाज चिरकत होता आणि मी पडवीचा खांब धरला होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग पोहऱ्याकडे. पोहरा त्यांनी कठड्यावर ठेवला आणि दोराचं टोक सगुणाच्या दिशेने करून ते आत निघून गेले. त्यांनी नंतर कधीही मला त्याबद्दल बोल लावला नाही. पण त्या दिवशी ते जेवले नाहीत.

सगुणा मात्र वैतागली. "कशाला आमच्यापायी जीवाला घोर लावता, बाई?" म्हणाली. तरी तिने पाणी काढलं.

पुढचे दिवस मला आजही तसेच्या तसे आठवतात. शाळेत मुलं कमी होऊ लागली. हे घरी आले की मी विचारत नसे आणि ते सांगत नसत. आज कोणकोण गळलं ते त्यांच्या चालण्यावरून कळे. वाटेने जाणारी माणसं आमच्या घरासमोर थुंकून जात. विहिरीत कुणी काही टाकील, या भीतीने मी पहाटे उठून आधी आत वाकून बघायची. उन्हाने पोटातलं बाळ मंद झाल्यासारखं वाटे. तासतासभर हालचाल नसे, आणि मी पोटावर हात ठेवून बसायची. प्रार्थनेला सुरुवात करायची आणि मध्येच शब्द विसरून नुसती ऐकत राहायची, आत काही हलतं आहे का. देवाने मला धीर दिला असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी रोज मागितला. मिळाल्यासारखं काही वाटलं नाही. एवढंच की दुपार झाली, सगुणा दाराशी आली, की मी उठायची आणि दोर पुढे करायची. उठण्यापुरतं बळ असायचं. ते कुठून यायचं याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता करते.

मग एके सकाळी राधाबाई आल्या. दोन घागरी कमरेवर, दोर खांद्यावर. त्या दिवशी नेमकी सगुणाही लवकर आली होती आणि विहिरीवर ओणवून पोहरा ओढत होती. राधाबाई अंगणात दोन पावलं टाकून थांबल्या. सगुणाने त्यांना पाहिलं आणि तिचे हात जागच्या जागी थिजले. पोहरा अर्ध्यावर लोंबकळत राहिला. मी पायरीवरून उठले. कोण काय बोलेल हे मला कळेना. दूर खाडीकडून होडीवाल्याची हाक आली, तेवढीच.

"ओढ," राधाबाई सगुणाला म्हणाल्या. "थांबलीस कशाला? मला उशीर होतो आहे."

सगुणाने पोहरा ओढला, मडकी भरली आणि बाजूला झाली. राधाबाई पुढे आल्या, आपला दोर सोडला, घागरी भरल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सुनेचं दूध आटलं आहे. ते खारट पाणी पिऊन पोर रात्रंदिवस रडतं. मला कोण काय म्हणतं ते बघायला वेळ नाही." थोडं थांबून पुढे म्हणाल्या, "घरी जाऊन मी अंघोळ करणार आहे. सांगून ठेवते."

"करा," मी म्हटलं. "पण अंघोळीला पाणी?"

त्यांनी हातातल्या घागरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "हेच," त्या म्हणाल्या, आणि घागर कमरेवर घेऊन निघाल्या.

त्यांच्यामागून आणखी काही जणी आल्या, फार नाही. काही घरं शेवटपर्यंत आली नाहीत. ज्या आल्या त्यांच्यातल्या काही सगुणा असली की कुंपणाबाहेर पाठ करून उभ्या राहत. बाळशेट पुन्हा एकदा आले होते, बहुतेक घर सोडा म्हणून सांगायलाच. राधाबाई विहिरीवर आहेत असं बघून ते छत्री उघडून तसेच परत फिरले.

माझं बाळंतपण एका दुपारी झालं, ऊन ऐन भरात असताना. हे शाळेतून धावत आले आणि सुईणीकडे गेले. सुईण आमच्या घरी यायला तयार होईना. तेव्हा राधाबाईंनी आपला शब्द पाळला. उंबऱ्याबाहेर पाट टाकून त्या बसल्या आणि तिथून एकेक गोष्ट सांगू लागल्या. आत माझ्याजवळ सगुणा होती. "पाय धर तिचे. तसे नव्हे, गुडघ्यापाशी," राधाबाई बाहेरून म्हणत. "धरलं, आईसाहेब," सगुणा आतून म्हणे. "डोकं दिसतं का गं?" "दिसतंय." "आता तिला कळ येईल तेव्हाच जोर करू दे." मला वेदनांमध्ये एवढंच कळत होतं की दोन आवाज आहेत, एक दारातला, एक कानाजवळचा, आणि ते एकमेकांना ऐकत आहेत. मुलगी झाली. क्षणभर ती रडली नाही. राधाबाई ओरडल्या, "उलटी धर, पाठीवर चापट मार." सगुणाने मारली आणि पोर रडली. तेव्हा उंबऱ्याबाहेर राधाबाईही रडत होत्या, असं हे मला पुढे सांगत.

ती मुलगी आता मोठी झाली आहे, दुसऱ्यांच्या मुलांना शिकवते. तिच्या जन्माची गोष्ट तिने इतक्या वेळा ऐकली आहे की मी सुरू केली की ती पुढची वाक्यं म्हणते.

पाऊस झाला, गावातल्या विहिरी भरल्या, आणि आमच्या विहिरीची कुणाला गरज उरली नाही. दसरा झाल्यावर बाळशेटांनी निरोप धाडला की घर त्यांना पुतण्यासाठी हवं आहे. पुतण्या कधी आला नाही. शाळेतही मुलं पहिल्याइतकी परतली नाहीत. मिशनने ह्यांना ठाण्याला पाठवलं. सामान गाडीवर चढवलं त्या दिवशी राधाबाईंनी कुंपणावरून डिंकाचे लाडू दिले, पुडकं माझ्या हातात ठेवून. हात लागला. त्यांनी मागे घेतला नाही. सगुणा गाडीच्या मागून वाटेपर्यंत आली. आम्ही गेल्यावर विहिरीला लाकडी झाकण आणि कुलूप बसलं, असं कळलं.

खरं सांगायचं तर मला वैशाखात बेचैन करणारी गोष्ट यानंतरची आहे. घर गेलं, शाळा गेली, त्याचं मला फार दुःख नाही. मुलगी दोन वर्षांची असताना उन्हाळ्यात मी तिला राधाबाईंना दाखवायला कल्याणला घेऊन गेले. ठाकुर्लीच्या वाटेवर सगुणा भेटली. डोक्यावर दोन मडकी, कमरेवर एक, पायात काही नाही. खूप वाळली होती. मी विचारलं, पाणी कुठून आणतेस. ती म्हणाली, झरा आटला की पार पलीकडच्या ओढ्यावरून. मी ती वाट जाणत होते. या उन्हात जाऊन येऊन अर्धा दिवस मोडावा एवढी लांब.

"आणि गावात कुणी ओतत नाही?"

"वतत्यात की. आमच्यातल्या समद्या जात्यात तितं." मग ती म्हणाली, "मीच जात न्हाय. एकदा हातानं काढलं ना बाई, मग तसं बसवत न्हाय."

त्या दुपारी मी एका आवेगात "ओतू नका" म्हणाले होते आणि गाडीत बसून ठाण्याला निघून आले होते. मला इथे आड मिळाला. हिला ती लांबलचक वाट मिळाली. मी रोज जिला सुखी ठेव म्हणून प्रार्थना करत होते, तिची वाट मीच लांबवून ठेवली होती. मुलगी माझं लुगडं ओढत होती. शेवटी मी विचारलं,

"सगुणा, राग आहे का गं माझा?"

तिने नवलाने माझ्याकडे पाहिलं. कमरेवरचं मडकं काढून माझ्या हातात दिलं, धरा म्हणाली, आणि वाकून माझ्या मुलीच्या गालाला हात लावला. मग मडकं परत घेऊन कमरेवर नीट बसवलं.

"राग कशाला?" ती म्हणाली. "तसं बसलं की मान दुकायची. आता पाय दुकत्यात. पायाचं बरं, घरी गेल्यावर चेपता येत्यात."

आणि ती उताराने निघाली. पाणी हिंदकळू नये म्हणून बेताने पावलं टाकत होती, मान अगदी ताठ.